पुण्याच्या बाई आणि ब्लॅकबर्नची टीम

नगर-पुणे रस्त्याने कधी गेलात, तर शेतांच्या कडेला जाळ्या लावलेल्या लांबच लांब शेड दिसतील. वास आला की तुम्ही गाडीच्या काचा वर कराल! त्या पोल्ट्री. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात (आम्ही जुनी माणसं अजून 'नगर'च म्हणतो) कितीतरी शेतकऱ्यांचं घर त्यावर चालतं. आमच्या शेजारच्या शेडवर एक दिवसाची पिल्लं खोक्यांतून यायची. त्यांची चिवचिव ऐकायला आम्ही पोरं दप्तर टाकून पळायचो.

आता सांगा पाहू, या पिल्लांचा आणि इंग्लंडमधल्या फुटबॉलचा काय संबंध?

संबंध जुळला तो अनुराधा देसाई यांच्यामुळे. त्यांचे वडील डॉ. बी. व्ही. राव. त्यांनी १९७१ मध्ये हैदराबादला 'वेंकटेश्वरा हॅचरीज' ही कंपनी काढली. हॅचरी म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढायची जागा. पुढे कंपनीचा कारभार पुण्याहून चालू लागला. त्या काळी अंड्यांचा भाव व्यापारी ठरवत आणि शेतकरी मुकाट्याने घेत. रावांनी शेतकऱ्यांना एकत्र केलं. १९८२ मध्ये त्यांची राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. अंडं ज्याचं, त्यानेच भाव सांगायचा! मला विचाराल तर रावांचं सगळ्यात मोठं काम हेच. १९९६ मध्ये ते वारले आणि एवढा पसारा अनुराधाताईंनी भावांच्या साथीने सांभाळला.

मग २०१० च्या नोव्हेंबरमध्ये बातमी आली, की या कंपनीने ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब विकत घेतला. किंमत सुमारे २ कोटी ३० लाख पौंड, शिवाय क्लबचं कर्ज वेगळं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधली टीम, आणि मालक पुण्याचे! आपल्याकडे केवढा आनंद झाला.

ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं जुनं कापडगिरण्यांचं गाव. त्या भागातलं कापड एके काळी आपल्या बाजारात यायचं. परदेशी कापडावर बहिष्कार पडला, तेव्हा तिथल्या कामगारांना भेटायला १९३१ मध्ये गांधीजी शेजारच्या डार्वेनला गेले होते. गावाचा क्लब १८७५ सालचा. १८८८ मध्ये इंग्लंडची लीग सुरू झाली, तेव्हाच्या बारा टीमपैकी ही एक. पुढे जॅक वॉकर नावाच्या तिथल्याच पोलादवाल्याने क्लबमध्ये पैसा ओतला आणि १९९५ मध्ये टीम चक्क प्रीमियर लीग जिंकली. तीही कशी? शेवटचा सामना हरून! मँचेस्टर युनायटेडलाही त्या दिवशी जिंकता आलं नाही, आणि एका गुणाने बाजी ब्लॅकबर्नची.

असा हा क्लब. नव्या मालकांनी महिनाभरातच सॅम अलरडाइस या अनुभवी मॅनेजरना काढलं आणि त्यांच्या हाताखालच्या स्टीव्ह कीन यांना नेमलं. मला हे काही पटलं नाही. टीम तेव्हा तेराव्या नंबरावर होती, म्हणजे बुडत नव्हती. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये खेळाडू पुण्यात बालेवाडीला पुणे एफसीविरुद्ध खेळूनही गेले. खेळाडू चिकन खाताहेत अशी कंपनीची जाहिरातही झळकली. तिकडे लोक मात्र चिडले होते. टीम हरत होती ना!

७ मे २०१२ ला घरच्याच मैदानावर विगनविरुद्ध सामना. पाऊस पडत होता. कुणीतरी ब्लॅकबर्नचा झेंडा पांघरलेली एक कोंबडी मैदानात सोडली. जगभर लोक हसले. त्या कोंबडीत पुण्याच्या मालकांना टोमणा होता, हे कळायला वेळ लागला नाही. ब्लॅकबर्न हरलं आणि प्रीमियर लीगमधून बाहेर पडलं.

तुम्ही म्हणाल, पैसे ज्याचे, क्लब त्याचा. कागदावर तसंच आहे. पण आजोबांचा हात धरून जो मैदानावर गेला आणि आता नातवाला घेऊन जातो, तो काय म्हणेल? 'आमचा क्लब' असंच म्हणेल. आपल्या गावची तालीम दुसऱ्याने विकत घेतली, तर तुम्हाला कसं वाटेल?

आता दुसरी बाजूही ऐका. टीम खाली गेल्यावर क्लब फुंकून टाकून मोकळं होणं सोपं होतं. देसाई-राव मंडळींनी तसं केलं नाही. तोटा भरायला भारतातून पैसा जात राहिला. २०१७ मध्ये टीम आणखी एक पायरी खाली, तिसऱ्या श्रेणीत गेली. पुढच्याच वर्षी परत वर आली. मालक मैदानावर दिसत नाहीत, ही प्रेक्षकांची तक्रार मात्र तेव्हाही मिटली नव्हती.