सेकंदाचा पाचशेवा भाग

मराठीचा प्राध्यापक आणि यंत्र यांचे फारसे सख्य असू नये, असा एक लोकसंकेत आहे. तो मी आजवर निष्ठेने पाळीत आलो. घरातला पंखा कुरकुरू लागला की मी फिरायला निघून जातो, आणि परत येईपर्यंत सौभाग्यवतींनी कोणाला तरी बोलावून तो दुरुस्त करून घेतलेला असतो. म्हणूनच, माळा आवरताना वडिलांचा जुना कॅमेरा सापडला आणि "हा मी शिकणार," असे मी जाहीर केले, तेव्हा घरात कोणी विरोध करण्याचेही कष्ट घेतले नाहीत. कन्या एवढेच म्हणाली, "बाबा, मोबाईलमध्ये हे सगळं आपोआप होतं."

आपोआप होते, हेच तर माझे दुःख होते. पण ते तिला कसे सांगावे?

कॅमेरा पेंटॅक्स के १०००. १९७६ साली तो बाजारात आला आणि १९९७ पर्यंत बनत राहिला. त्यात सगळे हातानेच करायचे. बॅटरी आहे ती केवळ प्रकाश मोजणाऱ्या सुईपुरती. शटर उघडते-मिटते ते स्प्रिंगांच्या जोरावर. माथ्यावर एक चकती, आणि तिच्यावर १०००, ५००, २५० असे उतरत उतरत एकापर्यंत आलेले आकडे. मोठा आकडा म्हणजे मोठा वेळ, असा सरळ अर्थ मी लावला. धावत्या मुलांचे फोटो चपळाईने घ्यायचे म्हणून चकती आठावर ठेवली आणि आरामखुर्चीत स्वस्थ बसलेल्या आईसाठी पाचशेवर! छत्तीस फोटोंचा रोल धुवून आला, तेव्हा आई तेवढी स्पष्ट होती. मुलांच्या जागी मात्र वाऱ्यावर उडालेली धुणी दिसत होती.

आमच्या पेठेतल्या स्टुडिओच्या वृद्ध मालकांनी ते फोटो पाहिले आणि अत्यंत सभ्यपणे हसू आवरले.

"सर, अंश गाळलाय हो. नुसता छेद लिहिलाय. पाचशे म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग, आणि आठ म्हणजे आठवा. तुमचं भिंग पन्नासचं आहे. तेव्हा साठाच्या खाली गेलात तर कॅमेरा हातात धरू नका, कशावर तरी टेकवा. आणि कळ दाबायची ती श्वास सोडता सोडता."

त्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली. चकतीवरचे प्रत्येक घर शेजारच्याच्या दुप्पट किंवा निमपट. भिंगाच्या छिद्राचे आकडेही प्रकाशाच्या हिशेबाने तसेच. शटरचे एक घर कमी वेळाकडे नेलेत, तर छिद्र एक घर मोठे करा. प्रकाश तेवढाच राहतो. बदलतो तो फक्त वेळ.

मग मी अंगणातल्या नळाला गुरू केले. पाचशेवर पाण्याची धार तुटली आणि काचेच्या मण्यांसारखे थेंब हवेत टांगून राहिले. आठव्या भागाला तीच धार रेशमाच्या लडीसारखी आली. माझ्यातला व्याकरणाचा मास्तर खूष झाला. पहिल्या फोटोत 'पाणी पडले', दुसऱ्यात 'पाणी पडत आहे'! इतकी वर्षे अपूर्ण वर्तमानकाळ मी फळ्यावर शिकवीत होतो. तो डोळ्यांना दिसतो हे मला नळाने दाखवले.

आपल्या पूर्वजांनी पळाचे साठ भाग करून विपळ मोजले. एक विपळ म्हणजे सेकंदाचे दोन पंचमांश. या चकतीपुढे तेही ऐसपैस वाटू लागते. उलट, १८३८ साली दागेरने पॅरिसमधल्या एका हमरस्त्याचे छायाचित्र घेतले, त्याला काही मिनिटे लागली होती. रस्ता वर्दळीचा, पण चालती माणसे आणि गाड्या त्यात उमटल्याच नाहीत. बूट पुसून घेण्यासाठी थांबलेला एक गृहस्थ तेवढा दिसतो. धावणारे सगळे पुसले गेले. थांबला तो उरला. हे वाचले त्या दिवशी कॉलेजची घंटा झाली तरी मी जिना सावकाश चढलो.

आता खरी गोष्ट सांगतो.

माझी आई ठिपक्यांची रांगोळी फार सुरेख काढीत असे. गेल्या काही वर्षांत तिच्या हाताला कंप सुटला. चहाची कपबशी वाजू लागली, आणि एका दिवाळीला तिने रांगोळीचा डबा नातीच्या हाती दिला. त्याविषयी ती काही बोलली नाही. आम्हीही काही विचारले नाही. पण गेल्या नरकचतुर्दशीच्या सकाळी मी कॅमेरा घेऊन बाहेर आलो, तो ती पाटावर बसून एकटीच तुळशीपुढे रेघ ओढीत होती. चिमटीतून पूड सांडत होती, रेघ नागमोडी जात होती.

मी दोन फोटो घेतले. पहिला पाचशेवर, छिद्र पूर्ण उघडे ठेवून. मग पायरीवर कॅमेरा टेकवला, चकती सहा घरे उतरवून आठावर आणली आणि छिद्र सहा घरे लहान केले. प्रकाश दोन्हींत सारखाच.

फोटो आले. पहिल्यात तिचा हात निश्चल होता, वीस वर्षांपूर्वी असायचा तसा. दुसऱ्यात चेहरा रेखीव, पण बोटांच्या जागी धुके आणि त्यातून खाली येणारी एक पांढरी धार. पहिला मी आईला दिला. दुसरा पुस्तकात लपवला.

तिने पहिला पुष्कळ वेळ पाहिला. "हात अगदी पूर्वीसारखा दिसतोय रे," ती म्हणाली. मला आनंद व्हायला हवा होता. पण खोट्या सहीचा कागद आपण पुढे केला आहे, असे काहीसे वाटत राहिले.

चार दिवसांनी तिला तो दुसरा सापडला. आमच्या घरी माझी पुस्तके फक्त तीच झटकते.

"हा का दिला नाहीस?"

मी चाचरलो. छिद्र, चकती असे काहीतरी सांगू लागलो.

"अरे, माझा हात हलतो हे काय मला ठाऊक नाही?" ती म्हणाली. "तो पहिला नागपूरला माझ्या बहिणीला पाठव. तिला उगीच घोर नको. हा माझ्यापाशी राहू दे. यात रांगोळी पडताना दिसतेय."

तो फोटो तिच्या पोथीत आहे. यंदा दिवाळीत ती पुन्हा पाटावर बसणार आहे. तसे तिने नातीला बजावून ठेवले आहे. मी नवा रोल भरला आहे, आणि चकती आधीच आठावर आणून ठेवली आहे.