नाव गेले, विमान राहिले

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आम्ही वर्गात दरवर्षी कल्पनाविस्तारासाठी देतो, आणि दरवर्षी बहुतेक वह्यांतून कर्ज काढून मुलीचे लग्न थाटात करणारा तोच गृहस्थ आम्हांस भेटतो. म्हण खरी आहे; तिच्यात वाडवडिलांचे शहाणपण साठलेले आहे, यात संशय नाही. परंतु जगातील सारीच माणसे अंथरुणाच्या मापाने पाय आखडून निजली असती, तर अंथरूण लांब करण्याची बुद्धी कोणास झाली असती? हा प्रश्न आमच्या मनात कित्येक दिवस घोळत आहे, आणि त्यास निमित्त झाले आहे एक विमान. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. घरी कोंकणी बोलावी आणि शाळेत मराठी शिकवावी, हा आमचा नित्यक्रम. यंत्रविद्येत आमची गती बेताचीच. तथापि या विमानाची हकीकत आम्हांस एखाद्या कर्तबगार पण दुर्दैवी पुरुषाच्या चरित्रासारखी वाटली, म्हणून ती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कॅनडातील क्वेबेक प्रांतात व्हालकूर नावाचे एक लहान गाव आहे. तेथे जोसेफ-आर्मां बंबार्डियर नावाचा एक यांत्रिक राहत असे. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. बर्फाने रस्ते बुजलेले. रुग्णालय गाठता आले नाही, आणि मूल दगावले. बर्फावरून धावणारे वाहन घडविण्याची खटपट तो पूर्वीपासूनच करीत होता. या आघातानंतर तिला निराळेच बळ आले. १९३७ मध्ये सात माणसे बसतील अशी त्याची बर्फगाडी तयार झाली, १९४२ मध्ये कंपनी स्थापन झाली, आणि संस्थापकाच्या पश्चात १९८६ मध्ये त्या कंपनीने कॅनडेअर हा विमानांचा कारखाना विकत घेतला. हे नाव आपल्याकडेही अगदीच परके नाही. मुंबईत या कंपनीची विद्युत्‌यंत्रणा बसविलेल्या गाड्या धावू लागल्या तेव्हा प्रवाशांनी त्यांस ‘बंबार्डियर लोकल’ असेच म्हटले. आणि वडोदऱ्याजवळ सावली येथे तिच्या कारखान्यात दिल्लीच्या मेट्रोचे डबे तयार झाले.

ही कंपनी लहान पल्ल्याची, शंभरांच्या आतील प्रवाशांची विमाने बनवीत असे. त्यांहून मोठ्या विमानांचे क्षेत्र अमेरिकेची बोइंग आणि युरोपची एअरबस या दोन बलाढ्य संस्थांनी आपसांत वाटून घेतले होते. परंतु शंभर ते दीडशे प्रवाशांसाठी त्या दोघींजवळ जे होते, ते मुख्यतः मोठ्या विमानाचेच आखूड केलेले रूप होते. बापाचा अंगरखा कापून मुलास घातला, तर तो अंगभर होतो खरा, पण त्याचे ओझे मुलास वाहावे लागते. तसाच हा प्रकार. बंबार्डियरने ठरविले, की या मापाचे विमान मुळापासून नवे बेतावयाचे. २००४ मध्ये विचार पुढे आला, २००६ मध्ये तो बाजूस ठेवला गेला, २००७ मध्ये पुन्हा हाती घेतला गेला, आणि १३ जुलै २००८ रोजी ‘सी सीरिज’ या विमानकुटुंबाची रीतसर घोषणा झाली. कुटुंब म्हणण्याचे कारण असे, की एकाच आराखड्यावर एक धाकटे आणि एक थोरले अशी दोन भावंडे जन्मास यावयाची होती.

या विमानातील तीन गोष्टी आमच्यासारख्या अनभिज्ञालाही मोहवितात. पहिली, त्याचे इंजिन. जेट इंजिनाच्या पुढे मोठा पंखा असतो आणि मागे त्यास फिरविणारे टर्बाइन. नेहमीच्या रचनेत दोघेही एकाच दांड्यावर असतात. पंखा सावकाश फिरला तर चांगले काम देतो, टर्बाइन वेगाने फिरले तर. आजोबा आणि नातू यांना एकाच दोरीने बांधून चालविले, तर दोघांचीही चाल बिघडावी, तशी ही स्थिती. प्रॅट अँड व्हिटनी या संस्थेने दोघांच्या मध्ये दंतचक्रे बसविली; टर्बाइनचे सुमारे तीन फेरे होतात तेव्हा पंख्याचा एक होतो. त्यामुळे पंखा मोठा करता आला, इंधनाची बचत झाली आणि आवाजही उतरला. दुसरी गोष्ट म्हणजे पंख. ते बेलफास्ट येथे कार्बनच्या धाग्यांचे कापड साच्यात अंथरून, त्यात राळ भरून, उष्णता व दाब देऊन भाजून काढले जातात. तिसरी गोष्ट अगदी साधी आहे. एका रांगेत एकीकडे दोन व दुसरीकडे तीन अशी पाच आसने. आणि त्या तिघांतले मधले आसन शेजारच्या आसनांपेक्षा थोडे अधिक रुंद, १९ इंच. बसमध्ये तिघांच्या बाकावर मध्ये बसण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला असेल, त्यास या अर्ध्या-एक इंचाचे मोल सांगावे लागणार नाही.

परंतु गुणवान वस्तूस जग वाट मोकळी करून देते, असा समज कोणी करून घेऊ नये. दोन्ही बलाढ्य संस्था स्वस्थ बसल्या नाहीत; एअरबसने २०१० मध्ये आणि बोइंगने २०११ मध्ये आपल्या जुन्या विमानांस नवी इंजिने बसविण्याचे जाहीर केले. इकडे सी सीरिजचे पहिले उड्डाण लांबत लांबत १६ सप्टेंबर २०१३ रोजी मिराबेल येथे झाले. मिराबेलचा विमानतळही विलक्षण. माँट्रियलकरिता १९७५ मध्ये तो मोठ्या अपेक्षेने उघडला होता, आणि २००४ पासून तेथे प्रवासी विमान उतरेनासे झाले. अशा प्रवाशांवाचून ओस पडलेल्या जागी हे प्रवासी विमान घडत होते. मे २०१४ मध्ये जमिनीवरील चाचणीत एक इंजिन निकामी झाले आणि तीन महिन्यांहून अधिक काळ उड्डाणे थांबली. खर्च पाच अब्ज अमेरिकी डॉलरांच्या वर गेला. अखेर २०१५ मध्ये क्वेबेक सरकारने, म्हणजे तेथील करदात्यांनी, एक अब्ज डॉलर घालून हा प्रकल्प तगविला. जुलै २०१६ मध्ये स्विस कंपनीने धाकटे भावंड सेवेत घेतले, डिसेंबरात लाटव्हियाच्या एअरबाल्टिकने थोरले.

त्याच वर्षी अमेरिकेच्या डेल्टा कंपनीने ७५ विमाने मागविली, आणि तेथेच नवे संकट ओढवले. सरकारी पैशाच्या आधारावर ही विमाने पडत्या भावाने विकली, अशी तक्रार बोइंगने २०१७ मध्ये केली. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने सुमारे २९२ टक्के जकात ठरविली. जानेवारी २०१८ मध्ये तेथील व्यापार आयोगाने चार विरुद्ध शून्य मतांनी ती फेटाळली खरी. परंतु हा न्याय मिळाला तेव्हा वेळ टळून गेली होती. ऑक्टोबर २०१७ मध्येच बंबार्डियरने प्रकल्पाचा अर्ध्याहून किंचित अधिक हिस्सा एअरबसला देण्याचे मान्य केले होते, आणि तोही एक पैसा रोख न घेता. जुलै २०१८ मध्ये विमानाचे नाव ‘ए-२२०’ झाले. २०२० मध्ये बंबार्डियर त्यातून सर्वस्वी बाहेर पडली. तीनचतुर्थांश वाटा एअरबसचा व एकचतुर्थांश क्वेबेकचा झाला. रेल्वेचा व्यवसायही पुढल्या वर्षी दुसऱ्याच्या हाती गेला.

आमच्या गोमंतकात सोळाव्या शतकात देवांना स्थलांतर करावे लागले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. स्थान गेले, परंतु नाव राहिले. या विमानाचे उलट झाले: ते आजही मिराबेलला घडते, पण त्याचे नाव मात्र गेले.

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आठवीतल्या एका मुलाने या विमानाची पुठ्ठ्याची प्रतिकृती मांडली होती. पाटीवर त्याने दोन्ही नावे लिहिली होती, आणि बंबार्डियरचे नाव अगोदर. परीक्षक म्हणून आलेल्या सद्‌गृहस्थांनी हसून विचारले, “ज्यांना आपले विमान सांभाळता आले नाही, त्यांचे नाव कशाला लिहिलेस?” मुलगा गांगरला आणि घरच्या बोलीत म्हणाला, “पूण सर, विमान तांणींच केलां न्हय?”

विमान त्यांनीच केले. या उत्तरात परीक्षकांच्या प्रश्नाचे पुरते निरसन होत नाही, हेही आम्ही जाणतो. हिशेब चुकला तर त्याची झळ केवळ धाडस करणाऱ्यास लागत नाही. ती कामगारांस लागते, आणि ज्यांनी विमानात कधी पाऊलही ठेवले नसेल अशा करदात्यांसही लागते. म्हण खोटी ठरलेली नाही. एअरबसच्या हाती येऊनही सारे सुरळीत झाले असे नाही. इंजिनाचे भाग अपेक्षेहून लवकर झिजल्याने अनेक विमाने जमिनीवर उभी राहिली. तरीही २०२५ पर्यंत अशी चारशेहून अधिक विमाने ग्राहकांस मिळाली, एअरबाल्टिकचा सारा ताफा याच विमानांचा झाला, आणि त्यांची दारे बनविण्याचे काम २०२४ मध्ये बंगळूरच्या डायनामॅटिक कंपनीस मिळाले.

विद्यार्थी मित्रहो, हिशेब चोख ठेवा. अंथरुणाची लांबी मोजल्यावाचून पाय पसरू नका. परंतु दुसऱ्या कोणाचे पाय अंथरुणाबाहेर गेलेले दिसले, तर हसण्यापूर्वी त्याने काय घडविले तेही पाहा. रीगाहून निघालेल्या विमानात मधल्या आसनावर जो प्रवासी बसतो, त्यास त्या वाढीव रुंदीचा विचार प्रथम कोणी केला हे बहुधा ठाऊक नसते. त्याने ते जाणलेच पाहिजे असेही नाही. परंतु शाळेतल्या पाटीवर ते नाव असावे, आणि ते अगोदर असावे, असे आमचे मत आहे.