मराठी तीस

टाइपरायटर माझ्या आयुष्यात आला तो पोटापाण्याची सोय म्हणून. विक्रोळीतल्या आमच्या कन्नमवार नगरात दहावीची परीक्षा संपली की मुलींची सुट्टी टायपिंग क्लासात जाई. मिनिटाला इंग्रजी चाळीस, मराठी तीस शब्द झाले की सरकारी लिपिकाच्या जाहिरातीकडे डोळे लावायचे. गोदरेजने १९५५ साली देशी बनावटीचा टाइपरायटर काढला होता. विक्रोळीत कुणाचा ना कुणाचा बाप, काका त्या कंपनीत, त्यामुळे मशीनकडे आम्ही नात्यातल्यासारखं बघत असू.

इंग्रजीपेक्षा मराठीने मला जास्त दमवलं आणि जास्त शिकवलं. मोजक्या कळांवर देवनागरी बसवायची, तर अक्षरांचे तुकडे करणं आलंच. आधी अर्धा श, मग काना, तेव्हा कुठे श पुरा होई. उकार-मात्रा उमटताना गाडी पुढे सरकत नसे. मन पुढच्या शब्दावर गेलं की हाताखालचा शब्द बिघडे.

सरकारी नोकरी लागली नाही. त्याच क्लासात शिकवू लागले, पुढे स्वतःचा काढला. दोन कळा एकदम दाबल्या की आतल्या काड्या एकमेकींत अडकतात, हे नव्या मुलांना सांगून पटत नसे. हुशार मुलं सुसाट सुटत आणि काड्या सोडवत बसत. हळू पण एका तालात जाणारी मुलगी तेवढ्यात पान संपवून मोकळी. आधी ताल, मग स्पीड, एवढाच माझा अभ्यासक्रम.

माझा दिवस मात्र सुसाट होता. सकाळी सातला कॉलेजची मुलं, रात्री शेवटच्या बॅचला पाळी संपवून आलेले कामगार. लेक क्लासातच डबा खाई, तिथेच पेंगे. ती तिसरीत गेली तेव्हा मी शेवटची बॅच बंद केली. काही विद्यार्थी गेले, भाडं भरताना ओढाताण झाली. पण संध्याकाळी घरात आमटीला फोडणी पडू लागली, आणि सकाळच्या बॅचवर मी कमी खेकसू लागले.

२००९ मध्ये गोदरेजने टाइपरायटर बनवणं थांबवलं. पुढे परीक्षाही संगणकावर गेली. माऊस कसा धरायचा, फाइल कुठे साठवायची, हे मी माझ्याच विद्यार्थिनींकडून शिकले. संगणकात काड्या नाहीत, म्हणून घाई अडकत नाही. पूर्वी यंत्रच मुलांना आवरत होतं. आता ते काम शिक्षकाला करावं लागतं, आणि त्यासाठी आधी स्वतः आवरतं घ्यावं लागतं. रात्री नऊनंतरच्या मेसेजला मी सकाळी उत्तर देते.

परवा एक जण रुसली, “मॅडम, तुम्ही ऑनलाइन दिसत होता.” तिचं मराठी तीस झालंय, लगेच चाळीसला बसायचंय. म्हटलं, “बस की. पण आधी पंधरा दिवस तीसच मार, बिनचूक. आणि रविवारी येऊ नकोस, क्लास बंद असतो.”