शुद्ध गांधारास अनावृत पत्र

गांधारा,

पेटीवर तू चढा लागतोस. षड्जाच्या सव्वापट कंपनं, म्हणजे ५:४, हे तुझं खरं माप. सा सेकंदाला २४० कंपनांवर धरला, तर तू ३०० वर हवास. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडणारी पेटी तुला ३०२ च्या पुढे ढकलते. दोन कंपनांनी काय बिघडतं? साचा पाचवा उपस्वर १२०० वर, तुझा चौथा जवळपास १२०९ वर. दोघं सेकंदाला नऊ-दहा वेळा एकमेकांशी झटतात. शेजारी तंबोरा असला, की हे लपत नाही. जवारी नीट लागलेली खर्जाची तार तुला न छेडताही बोलावते, आणि ती ५:४ वरच बोलावते.

तरी सगळा दोष पेटीच्या माथी मारायला मी तयार नाही. तूही काही साधा नाहीस. सापासून पंचमांनी चाललं, तर प, रे, ध आणि मग तू. पण तिथे तू ८१:६४ निघतोस, म्हणजे ८० च्या जागी ८१. हीच ती प्रमाणश्रुती. गणितज्ञ ऑयलरने १७३९ मध्ये स्वर जाळीसारखे मांडले, एका दिशेला पंचम, दुसरीला तू. त्या जाळीत सव्वापटीचा गांधार साला चिकटून बसतो. दुसरा चार घरं दूर. सा-ग-प, म-ध-सा, प-नी-रे हे तिन्ही मेळ ४:५:६ चे, एकाच आकाराचे त्रिकोण दिसतात. गंमत पुढे आहे. या मांडणीत रे-ध हा पंचम ४०:२७ होतो, त्याच एका श्रुतीने तोकडा.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींची पेटी पुढे आणली. १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत ती जाणकारांच्या गळी उतरली नाही. मला त्या दोघांच्या चिकाटीचं कौतुक वाटतं, पण बावीस पट्ट्या झाल्या तरी कुठली दाबायची हे राग ठरवणार.

भूपात तू वादी, धैवत संवादी. तेव्हा ध ५:३ वर आला की तुमचा संवाद चोख जुळतो. देशकारात मात्र अनेक गवई धैवत चढा सांगतात. तो रिषभाशी पंचम जुळवून २७:१६ वर गेला, की तुमच्यातला मध्यमभाव तुटतो. मग तू त्याच्यामागे ८१:६४ वर चढतोस, की तंबोऱ्याशी इमान राखून खालीच थांबतोस?

तुझा,
एक कानसेन