हातउसने

आमच्या चोपड्याच्या व्यवहारात कर्ज निराळे आणि हातउसने निराळे. कर्जास कागद, तारण आणि व्याज ही तिन्ही लागतात. हातउसन्यास शब्द पुरतो. हा भेद आम्हांस चांगला कळतो अशी आमची समजूत होती. गेल्या पावसाळ्यात एका जुन्या विद्यार्थ्याने ती नकळत खोटी पाडली.

मुलगा बागवानाचा. इस्लामी अर्थव्यवहारात कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग, हा त्याच्या प्रबंधाचा विषय. कुराणाने व्यापारास मुभा दिली आणि व्याज निषिद्ध ठरविले, एवढे आम्ही जाणून होतो. त्याने पुढचे सांगितले. 'मुदारबा'त एकाचे भांडवल व दुसऱ्याचे श्रम. नफा ठरल्या प्रमाणात वाटावयाचा, आणि तोटा आलाच तर एकाचे भांडवल बुडावयाचे, दुसऱ्याचे श्रम.

"म्हणजे आपली बटाईच की!" आम्ही म्हणालो.

"जवळपास, सर," तो हसून म्हणाला.

एखादी कंपनी मद्य, जुगार वा व्याज यांवर पोसली आहे काय हे तिच्या हिशेबांवरून ताडणे, शेकडो फतवे वाचून त्यांतील मते जुळविणे, ऋणको पैसे फेडील की नाही याचे भाकीत करणे, ही कामे यंत्राकडून करवून घेण्याकडे सध्याच्या संशोधनाचा ओढा आहे. हा विषय आपल्याकडेही अगदी परका नाही. मुंबई शेअर बाजारात २०१० साली शरीयतसंमत पन्नास कंपन्यांचा निर्देशांक निघाला. २०१६ साली बार्शीस लोकमंगल सहकारी बँकेने बिनव्याजी व्यवहार आरंभिला. मात्र पुढल्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने इस्लामी बँकेचा प्रस्ताव बाजूस सारला. 'अल्गोरिदम' हा शब्द तर नवव्या शतकातील बगदादच्या अल्-ख्वारिज्मीच्या नावावरून आलेला; त्याच्या बीजगणिताच्या ग्रंथात वारसांच्या वाटण्यांचीच गणिते भरपूर आहेत. तेव्हा धर्मशास्त्राची आणि गणिताची सोयरीक जुनीच म्हणावयाची.

"मग अडते कोठे?" आम्ही विचारले.

"मुराबहात बँक वस्तू स्वतः विकत घेते आणि नफा सांगून हप्त्यांनी विकते. ती वस्तू क्षणभर तरी बँकेची झाली, तिची जोखीम बँकेने सोसली, तर तो व्यापार. नुसती कागदावरच झाली, तर ते व्याजच. यंत्र कागद वाचते, सर. नियत कशी वाचणार?"

मग तो जरा घुटमळला. शैक्षणिक कर्ज मिळत होते, पण व्याजाचे. "चाळीस हजार हातउसने मिळतील काय? वर्षाने फेडीन."

आम्ही तत्काळ होकार दिला. आणि रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या, मुदतठेव मोडल्यास किती व्याज बुडेल याचा हिशेब मनाशी केला. तो पुरा झाला, तेव्हा दुसरा एक हिशेब आठवला. आमच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षी वादळाने वडिलांची केळीची बाग आडवी केली होती. त्या साली आमची फी भरली ती या मुलाच्या आजोबांनी. वडिलांनी ते पैसे दोन वर्षांनी परत केले, तेवढेच. त्या दोन वर्षांचे व्याज काढण्याचे आमच्या घरात आजवर कोणास सुचले नव्हते. आम्हां पदवीधरांस मात्र दुसऱ्याच्या वेळी गणित ताबडतोब आठवले!

सकाळी पैसे दिले. त्याने खिशातून कागद काढला.

"हातउसन्यास कागद कशाला रे?"

"देवघेव लिहून ठेवावी, ही कुराणाचीच आज्ञा आहे, सर."

त्याने रक्कम लिहिली, तारीख लिहिली, खाली सही केली. कागद आम्ही दोनदा वाचला. त्यात आमच्या रात्रीच्या हिशेबास कोठेही जागा नव्हती.