आधी पाच की आधी वीस?

माणसाला कोणता छंद जडेल याचा नेम नाही. मी कला शाखेचा विद्यार्थी, पण गेल्या सुट्टीत एम्युलेटर लिहायला बसलो. एम्युलेटर म्हणजे संगणकाच्या जगातला बहुरूपी! माझ्या इंटेलच्या संगणकाने १९७९ च्या मोटोरोला ६८००० या प्रोसेसरचे सोंग घ्यायचे आणि त्याचे जुने प्रोग्रॅम चालवायचे.

पण सोंग काही वठेना. जिथे २५८ यायचे तिथे ५१३ येई. ‘फाईलच खराब आहे,’ असा शेरा मारून मी मोकळा झालो.

दोष फाईलचा नव्हता, माझ्या वाचण्याचा होता. २५५ पेक्षा मोठी संख्या एका बाइटमध्ये मावत नाही. तिला दोन घरे लागतात. २५८ म्हणजे एक वेळा २५६ आणि वर दोन. मोटोरोला आधी एक ठेवतो, मग दोन. इंटेल पहिले घर एककाचे मानतो. त्याला ते दोन वेळा २५६ आणि वर एक असे दिसते. गलिव्हरच्या प्रवासात अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून भांडणारे दोन पंथ आहेत ना? त्यांच्यावरूनच डॅनी कोहेन यांनी १९८० साली या दोन पद्धतींना बिग-एंडियन आणि लिटल-एंडियन म्हटले.

मग मी प्रत्येक जोडी उलटवू लागलो. घरी चालले. मामाच्या जुन्या पॉवरपीसी मॅकवर मात्र सारेच बिघडले. तो मोटोरोलाच्याच पंथाचा. तिथे सरळ होते तेही मी उलटे केले!

तेव्हा आजी आठवली. लहानपणी ती मला हिशेब लिहायला सांगे. “दूधवाल्याला पंचवीस दिले.” कानावर आधी पाच आले, म्हणून मी लिहिले ५२. महिनाअखेरीस दूधवाला पंचविसच मिळाल्याचे सांगू लागला आणि घरात खोटा ठरला. चूक कळल्यावर आजी म्हणाली, “अरे, आधी काय ऐकू आलं ते नको बघूस. पाच कुठल्या घरातले नि वीस कुठल्या, ते बघ.”

मी उलटवणे काढून टाकले. आता पहिल्या बाइटला २५६ ने गुणायचे आणि दुसरा त्यात मिळवायचा. यजमान कोणत्या पंथाचा हे विचारायचेच नाही. पाहुण्याने संख्या कशी मांडली आहे तेवढे पाहायचे. दोन्ही यंत्रांवर २५८ आले.

फाईलवरचा शेरा मी खोडला. दूधवाल्याची माफी मात्र मी कधीच मागितली नाही.