वडनेम्मेलीची मडकी

चेन्नईहून ईस्ट कोस्ट रोडने महाबलीपुरमकडे निघालं की डाव्या हाताला समुद्र मधूनमधून डोकावत राहतो. शहर सोडून साधारण 40 किलोमीटरवर वडनेम्मेली लागतं. बहुतेक प्रवासी इथे मगरी बघायला उतरतात. रोम्युलस व्हिटेकर यांनी 1976 साली सुरू केलेली क्रोकोडाइल बँक नावाजलेली आहे, पण मगर ऊन खात जबडा वासून पडली की तासभर हलत नाही आणि बघणाराच आधी कंटाळतो. मी आलो होतो त्याच आवारातल्या इरुळा आदिवासींच्या सर्पविष केंद्रासाठी. त्याचं तिकीट वेगळं घ्यावं लागतं.

आत गेल्यावर आधी मडकी दिसतात. तोंडाला फडकं बांधलेली साधी मातीची मडकी, ओळीने मांडलेली. प्रत्येकात एक विषारी साप. फक्त चार जाती: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. देशातल्या सर्पदंशाच्या बहुतेक मृत्यूंना हेच चौघे जबाबदार धरले जातात. आपण कठड्याबाहेर उभे, आणि आत वाळूवर अनवाणी वावरणारा इरुळा माणूस.

त्याने फडकं सोडून आकडीने घोणस बाहेर काढली. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा फूत्कार सगळ्यांना ऐकू आला आणि पुढे रेललेली गर्दी मागे सरकली. फुरसं त्याहून चमत्कारिक. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासत करवत चालवल्यासारखा आवाज काढत बसतं. मण्यार मात्र दिवसाढवळ्या अगदी गरीब, डोकं अंगाखाली लपवणारी. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला हीच चावते, आणि चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही.

माझ्या शेजारी कराडकडचं एक कुटुंब होतं, रामेश्वर करून परतणारं. त्यांतले आजोबा ठामपणे म्हणाले, "दात काढलेले असणार. आमच्या शिराळ्याला बघितलंय सगळं."

नातू म्हणाला, "आजोबा, दातच नसले तर विष कुठनं काढतील?"

आजोबा गप्प झाले, कारण तेवढ्यात नागाची मान धरून त्याचं तोंड पातळ पडदा ताणलेल्या काचेच्या भांड्यावर टेकवलं होतं. दात पडद्यातून आरपार गेले आणि पिवळसर थेंब काचेवरून ओघळले. सगळा खेळ एवढाच. पुंगी नाही, गळ्यात साप घालणं नाही, नागाचा मुका घेऊन रील काढणं तर नाहीच. आपल्याकडच्या काही सर्पमित्रांना इथे आणून बसवावं असं फार वाटलं.

बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नागांच्या मिरवणुका निघत. उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या थांबल्या, आणि तिथे अजून त्याबद्दल हळहळ आहे. मला ती हळहळ कळते. पण मिरवणुकीत नाग लोकांसाठी असतो, इथे लोक नसते तरी काम झालंच असतं. आपण फक्त एका धंद्यात डोकावून घेतो.

हा धंदाही सरळ वाटेने आलेला नाही. इरुळा पिढ्यान्‌पिढ्या साप पकडून कातडी विकत. 1972 चा वन्यजीव कायदा आला, पुढे कातड्यांची निर्यात बंद झाली आणि हाताला काम उरलं नाही. तेव्हा 1978 मध्ये व्हिटेकर यांच्या मदतीने त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. आता वन विभागाच्या परवान्याने साप आणतात, तीन-चार आठवडे ठेवून ठरावीक अंतराने विष काढतात आणि पोटाच्या खवल्यावर खूण करून रानात सोडतात, म्हणजे तोच साप लगेच पुन्हा पकडला जात नाही. इथल्याच मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. त्याआधी फ्लोरिडाने वाढलेले अजगर पकडायला या दोघांना बोलावून घेतलं होतं. शाळेच्या दाखल्यावर असं ज्ञान मावत नाही.

विषाची पुढे भुकटी होते आणि ती सर्पदंशावरची लस बनवणाऱ्यांकडे जाते. घोड्याला ते अल्प प्रमाणात टोचतात, त्याच्या रक्तात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांपासून लस होते. परळच्या हाफकिन संस्थेमुळे ही प्रक्रिया मराठी माणसाला निदान ऐकून तरी माहीत आहे. भारतात वर्षाला सरासरी 58,000 माणसं सर्पदंशाने मरतात असा संशोधकांचा अंदाज आहे, तेव्हा या काही थेंबांचं मोल वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र खटकते. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, हे आता सिद्ध झालं आहे. आणि देशातली बरीचशी लस या एवढ्याशा टापूतल्या सापांच्या विषावर उभी आहे. दूरच्या राज्यांत ती कमी पडू शकते. कोकणातल्या फुरशावरची लस कोकणातल्याच फुरशाच्या विषापासून बनायला हवी, आणि ते काम असंच लोकांच्या डोळ्यांसमोर व्हायला हवं.